वैमानिकी घड्याळ एवढं मोठं का?

प्रश्न : वैमानिकी घड्याळं एवढी अवाढव्य का असतात? बारीक मनगटावर शोभतील?

उत्तर : दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन नॅव्हिगेटरांच्या (विमानाचा मार्ग ठरवणाऱ्यांच्या) घड्याळाचा व्यास ५५ मिमी होता. आत खिशातल्या घड्याळाचं यंत्र असायचं, लांब पट्टा जॅकेटच्या बाहीवरून बांधत. चावी जाडजूड, कारण ती हातमोज्यांतून फिरवायची. संग्राहक भुलतात ते या सकारण बोजडपणालाच.

घेताना नुसता व्यास पाहू नका. पट्टा अडकवायच्या वरच्या-खालच्या टोकांमधलं अंतर मोजा. मनगटाच्या सपाट रुंदीपेक्षा ते जास्त असेल, तर टोकं बाहेर येतात आणि घड्याळ सतत कलंडतं. अस्सल जुनं मिळालं तर झाकण स्वतः उघडू नका. काट्यांवरच्या, अंधारात चमकणाऱ्या रंगात रेडियम असतं. चमक गेली तरी किरणोत्सर्ग राहतो आणि सुटलेली भुकटी श्वासातून आत जाते.