घरी गायन आणि संवादिनी रेकॉर्ड करण्यासाठी कोणता ऑडिओ इंटरफेस घ्यावा आणि तो कसा जोडावा?

तुमच्याकडे विंडोजचा लॅपटॉप आणि एक डायनॅमिक माइक (बाहेरून वीज न लागणारा) आहे, ख्यालाचा रियाज आणि सोबतची संवादिनी घरीच रेकॉर्ड करायची आहे, आणि इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज डिजिटल करून लॅपटॉपला देणारी पेटी, दोन इनपुटांचा घ्यावा की चार, असा तुमचा प्रश्न आहे. मी हेच काम घरातल्या एका खोलीत करत आलो आहे, त्यामुळे अनुभवातून सांगतो.

एका वेळी किती माइक लावायचे आहेत, हे आधी ठरवा. गळ्याला एक आणि संवादिनीला एक एवढेच असेल तर दोन इनपुट पुरतात. पुढेमागे तबल्याची साथ घ्यायची असेल, तर तबला आणि डग्गा यांना स्वतंत्र माइक लागतील आणि मगच चारचा विचार करावा. मात्र खोक्यावरचा ‘दोन’ हा आकडा पाहून फसू नका. फोकसराइटच्या स्कार्लेट सोलोला इनपुट दोन असले तरी माइकचे त्यांतले एकच, दुसरे गिटार किंवा लाइनसाठी आहे. दोन माइक हवे असतील तर त्याच मालिकेतला टू-आय-टू घ्यावा लागतो. बेहरिंगरच्या बाबतीतही तसेच आहे: यूएमसी २२ वर माइक एकच चालतो, यूएमसी २०२ एचडीवर दोन.

त्यानंतर लोक १९२ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटमागे, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात या आकड्यामागे, लागतात. माझ्या मते तुमच्या कामासाठी ४८ किलोहर्ट्झ आणि प्रत्येक नमुन्याला २४ बिट भरपूर आहेत. त्याऐवजी माइकचा गेन, म्हणजे त्याचा संकेत मोठा करण्याची क्षमता, किती डेसिबलपर्यंत जातो ते पाहावे. डायनॅमिक माइकमधून निघणारा विद्युत संकेत एखाद-दोन मिलिव्होल्टचा, आणि खर्जातली आलापी हळू आवाजात असली तर त्याहूनही क्षीण असतो, त्यामुळे ५५ ते ६० डेसिबल स्वच्छ गेन नसेल तर बटण पूर्ण फिरवूनही आवाज लहान राहतो आणि मागे सूं असा खरखरीचा पडदा ऐकू येतो. यूएसबी टाइप-सी आहे की जुना चौकोनी पोर्ट, यावर तर अजिबात अडू नका. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झच्या दोन चॅनलांना सेकंदाला जेमतेम २.३ मेगाबिट लागतात आणि यूएसबी २.० ची क्षमता ४८० मेगाबिटांची आहे.

केबलच्या बाबतीत माझी स्वतःची फजिती सांगतो. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून मी कंडेन्सर माइकसाठी (बाहेरून वीज लागणारा माइक) जी केबल आणली, तिच्या एका टोकाला कॅनन (तीन पिनांची गोल एक्सएलआर जोडणी) आणि दुसऱ्या टोकाला पी-३८ (पाव इंची जाड जॅक) होती. ती इंटरफेसच्या सॉकेटमध्ये नीट बसली, कारण बहुतेक लहान इंटरफेसवर कॅननच्या तीन छिद्रांच्या मधोमध पी-३८ जाण्याजोगे भोक असते. दोन संध्याकाळी माइक मुका राहिला. मी तो खराब समजून परत न्यायला गेलो, तर दुकानदाराने माइककडे पाहिलेही नाही, फक्त केबलचे टोक बोटाने दाखवले. कंडेन्सर माइकला लागणारा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा केवळ कॅननच्या पिनांतून मिळतो, मधल्या भोकातून मिळत नाही. तुमच्या डायनॅमिक माइकला फँटमची गरज नाही, पण तोही दोन्ही टोकांना कॅनन असलेल्या केबलनेच जोडा. लहान इंटरफेसवर फँटमचे बटण बहुधा दोन्ही माइकांना मिळून एकच असते, आणि अशा केबलवर ते चालू राहिले तरी साध्या डायनॅमिक माइकला इजा होत नाही. जुन्या रिबन माइकला मात्र होऊ शकते.

जोडण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवून घ्या, इंटरफेस हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लावा, आणि रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने पोहोचवणारा) निवडा. विंडोजचा नेहमीचा मार्ग आवाज उशिरा पोहोचवतो आणि गाताना स्वतःचाच आवाज मागून आल्यासारखा वाटतो. लॅपटॉप काही नमुने साठवून मग पुढे पाठवतो, त्या साठ्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झला १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, तर १०२४ चा बफर म्हणजे २१ मिलिसेकंद. येण्याजाण्याचे दोन्ही फेरे धरले की दुसऱ्या स्थितीत ४० हून अधिक मिलिसेकंद जातात. हवेत ध्वनीला तेवढ्या वेळात १४ मीटर जाता येते, म्हणजे साथीदार दिवाणखान्यात नव्हे तर रस्त्यापलीकडच्या गॅलरीत बसल्यासारखे होते. गाताना बफर लहान ठेवावा किंवा इंटरफेसवरचे डायरेक्ट मॉनिटरचे बटण दाबावे, त्यामुळे आवाज लॅपटॉपला वळसा न घालता सरळ हेडफोनमध्ये येतो.

सॉफ्टवेअर आणि इंटरफेस यांचा सॅम्पल रेट एकच आहे ना, हेही पाहून घ्यावे. ४४.१ वर रेकॉर्ड केलेला लेहरा (तबल्यासाठी वाजवली जाणारी आवर्तनाची सुरावट) रूपांतर न होता ४८ वर वाजला, तर तो जवळजवळ दीड अर्धस्वरांनी चढतो आणि त्याची लयही वाढते: काळी एकचा लेहरा पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये कुठेतरी लटकतो, आणि माणूस उगाच स्वतःच्या कानाला दोष देत बसतो.

स्पीकर जोडल्यावर गुणगुण सुरू झाली, तर ती बहुधा विजेच्या ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची असते. पांढरी पाचच्या किंचित वर असल्याने संगीत शिकणाऱ्याला ती लगेच खुपते. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐका. गुणगुण थांबली तर दोष अर्थिंगच्या वेढ्याचा (ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंग दोन वाटांनी जोडले जाणे) आहे, माइकचा नाही. मग स्पीकर आणि चार्जर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, आणि इंटरफेसपासून स्पीकरपर्यंत तीन भागांच्या पिनांची (पिनेवर दोन काळ्या कड्या असलेली) बॅलन्स्ड केबल वापरा. प्लगची जाड अर्थिंग पिन काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात, तो मुळीच ऐकू नका. त्यात शॉक बसण्याचा धोका आहे.

रेकॉर्डिंगच्या वेळी स्पीकर बंदच ठेवा आणि तानपुरा कान झाकणाऱ्या हेडफोनमध्ये ऐका, नाहीतर तो माइकमध्ये शिरतो आणि नंतर वेगळा काढता येत नाही. गेन लावताना आलापी गाऊन पाहू नका. तार सप्तकातली तुमची सर्वांत जोरकस तान घ्या आणि तिचे शिखर सॉफ्टवेअरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास येईल इतकाच गेन ठेवा. २४ बिटांत खालची आलापी तेवढ्यातही स्वच्छ उतरते.