पार्सल कोल्हापूरला जाणार असेल तर जीएसटी नंबर आधी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून बीकॉमच्या शेवटच्या वर्षाच्या एका मुलीनं लिहिलंय. ती आणि तिची आई बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या विणकरांकडनं साड्या आणून व्हॉट्सॲप आणि इन्स्टावर विकतात, निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक कोल्हापूर, चंदगड, पुण्याचं, पैसे तिच्याच फोनपेवर येतात, आणि बाबांचं म्हणणं एकच की बँकेच्या परीक्षा दे. बेळगावातला एक एजंट उद्यम (छोट्या धंद्याची केंद्र सरकारकडची नोंदणी), शॉप ॲक्ट (दुकानाची राज्याकडची नोंदणी), जीएसटी सगळं मिळून 8,000 मागतोय. तिचा प्रश्न असा, "सर, यूट्यूबवर सांगतात 40 लाखापर्यंत काही लागत नाही, मग एजंट खोटं बोलतोय का? आणि कोल्हापूरच्या मावशीकडं माल पाठवून तिथनं वाटला तर चालेल का?"

तुझं पत्र वाचून बरं वाटलं, कारण एवढ्या लवकर हे विचारणारे कमी, बाकीचे नोटीस आली की येतात.

40 लाखाचं जे ऐकलंस ते चूक नाही पण अर्धंच आहे. नुसता माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल 40 लाखाच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते हे खरं, पण ती सवलत आपल्याच राज्यात विकणाऱ्याला. कर लागणारा माल एका राज्यातनं दुसऱ्या राज्यात विकला की हातानं बनवलेल्या काही ठरावीक वस्तू सोडल्या तर, उलाढाल कितीही असू दे, नोंदणी लागतेच. पुण्यातला माणूस व्हिडिओ करतो तेव्हा त्याचं गिऱ्हाईक मुंबई-नाशिकचं असतं, त्याला हे आठवायचं कारणच नाही. आपलं तसं नाही की ग, आपल्याला चंदगड हुबळीपेक्षा जवळ, लग्नं तिकडं, पाहुणे तिकडं, पण कायद्याच्या नजरेत कोगनोळीच्या सीमेपलीकडं गेलेली साडी परराज्यात गेली. सोपी खूण सांगतो, पार्सलवरचा पिन बघायचा. 590, 591 म्हणजे आपला बेळगाव जिल्हा, 56 ते 59 नं सुरू होणारे पिन कर्नाटकाचे, आणि 416 दिसला की कोल्हापूर-सांगलीकडचा, 411 पुण्याचा, 403 गोव्याचा, म्हणजे आंतरराज्य विक्री.

मावशीचा मार्ग सोड. खानापूरहून माल कोल्हापूरला गेला तिथंच राज्य ओलांडलं, पुढं मावशीनं वाटला काय आणि तू वाटलास काय. उलट मावशीच्या खात्यावर पैसे जमा व्हायला लागले तर उद्या तिला उत्तरं द्यावी लागतील, आणि तिचा यात काहीच दोष नाही. त्याची गरजही नाही, कर्नाटकात घेतलेल्या एका जीएसटी नंबरवर अख्ख्या भारतात विकता येतं.

आता पैसे कुठं जातात ते बघ. साडी म्हणजे न शिवलेलं कापड, त्यावर 5 टक्के. समज नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याकडनं साडी 1,000 ला घेतलीस, वर 50 कर दिलास. ती कोल्हापूरला 1,500 ला विकलीस, 75 रुपये कर गिऱ्हाइकाकडनं घेतलास. सरकारला भरायचे 75 वजा 50, म्हणजे 25. एवढंच. फक्त विणकराकडं स्वतःचा नंबर नसेल, आणि शहापूरच्या गल्लीतल्या बऱ्याच जणांकडं नसतो, तर ते 50 वजा मिळत नाहीत, पूर्ण 75 भरायचे, म्हणून भाव ठरवतानाच हे धरून चाल. कंपोझिशन स्कीम (छोट्या व्यापाऱ्याला उलाढालीवर थेट ठरावीक कर) घे, 1 टक्क्यात काम होतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नको, त्यात परराज्यात विकता येत नाही.

जीएसटी नकोच वाटत असेल तर दुसरी वाट आहे, फक्त कर्नाटकात विकायचं. धारवाड, हुबळी, बेंगळुरूला मराठी माणसं काय कमी नाहीत. मीशो, फ्लिपकार्टसारख्या ठिकाणी राज्यातल्या राज्यात विकायला 1 ऑक्टोबर 2023 पासून छोट्या विक्रेत्याला जीएसटी नंबर लागत नाही, जीएसटीच्या पोर्टलवर पॅन देऊन नुसता एनरोलमेंट नंबर घ्यायचा. पण तुझं निम्मं गिऱ्हाईक घाटाच्या पलीकडचं, ते तोडून धंदा कशाला करायचा, नंबरच घ्यावा असं मला स्पष्ट वाटतं.

एजंटचे 8,000 मात्र देऊ नको. जीएसटी नोंदणीला सरकारी फी शून्य, उद्यमला पण शून्य, उद्यम तर आधार-पॅनवर घरी बसून होतं, फक्त साइटच्या पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे का बघ, कारण तशाच दिसणाऱ्या खासगी साइट पैसे मागतात. शॉप ॲक्टचं पण व्हिडिओ बघून करू नको, महाराष्ट्राचा कायदा 2017 चा आणि त्यांचं पोर्टल वेगळं, आपल्याकडं कर्नाटकाचा 1961 चा, अर्ज कामगार खात्याकडं. घरातनंच चालतंय, नोकर नाही, तर तो लागतो का हे त्याच खात्यात एकदा विचारून घे. आणि रिटर्न भरायला सीए ठेवलास तर त्याची फी रास्त आहे, ती त्याच्या कामाची आहे.

आता नाव कुणाचं घालायचं, हे तू विचारलं नाहीस पण सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. बाबा म्हणतात तसं तू बँकेत लागलीस तर नोकरीच्या नियमात परवानगीशिवाय स्वतःचा धंदा चालत नाही, सरकारी नोकरीतही तेच. म्हणून धंदा आईच्या नावानं सुरू कर. एकट्याच्या मालकीच्या धंद्याला वेगळी कंपनी काढावी लागत नाही, आईचं पॅन तेच धंद्याचं पॅन. तू मदत कर, शीक, पण कागद आईचा. नाहीतर ऐन जॉइनिंगच्या वेळी नंबर रद्द करत बसशील.

त्यासाठी आईच्या आधारला तिचाच चालू मोबाइल जोडलेला पाहिजे, ओटीपी तिथंच येतो, कधीकधी बोटांच्या ठशाला केंद्रावरही बोलावतात. आणि स्पेलिंग बघ. आपल्याकडं हे फार होतं, पॅनवर लक्ष्मी एक्सनं आणि आधारवर केएसएचनं, मारुतीचं एकीकडं टी आणि एकीकडं टीएच, अर्ज तिथंच अडकतो. आधी दुरुस्ती, मग अर्ज. घर आजोबांच्या नावावर असेल तर हेस्कॉमचं लाइटबिल किंवा घरपट्टीची पावती, आजोबांचं ओळखपत्र आणि साध्या कागदावर त्यांचं संमतीपत्र पुरतं, स्टँप पेपर लागेल म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नको.

उद्यम आणि जीएसटी हातात आलं की आईचं करंट खातं काढा आणि क्यूआर त्याला जोडा. तुझ्या फोनपेवर पैसे घेणं आजपासून बंद. 2025 च्या जुलैत कर्नाटकाच्या वाणिज्य कर खात्यानं यूपीआयच्या आकड्यांवरनं छोट्या दुकानदारांना नोटिसा काढल्या, बेंगळुरूत केवढा गोंधळ झाला. त्यात धंद्याचे आणि घरचे पैसे एकाच खात्यात असलेल्यांना कुठले कशाचे हे दाखवणंच अवघड होऊन बसतं. आजवर जे कोल्हापूरला गेलंय त्याची यादी कर, तारीख, पिन, रक्कम, आणि सीएपुढं ठेव, लपवू नको. इन्कम टॅक्सला घाबरू नको, डिजिटल पैसे घेणाऱ्या छोट्या धंद्याला विक्रीच्या किमान 6 टक्के नफा धरून हिशेब दाखवायची सोय आहे, 10 लाख विक्रीवर 60,000, खरा नफा जास्त असेल तर तो दाखवायचा.

एक गोष्ट मनापासून सांगतो. यंत्रमागाच्या साडीवर हातमाग लिहू नको, आणि इलकलसारखी दिसते म्हणून इलकल म्हणू नको, त्या नावाला जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं कायदेशीर संरक्षण आहे. पुण्याची बाई दोन हजार देते ती तुझ्या शब्दावर देते. फोटो दिवसाच्या उजेडात काढ, पदर आणि काठ दोन्ही जवळनं दाखव, आणि पॅक करताना साडी उलगडून पत्त्यासकट व्हिडिओ करून ठेव, "रंग वेगळा आला", "डाग होता" हे फोन येणारच, तेव्हा तोच कामाला येतो. परत कधी घेणार, किती दिवसात, पोस्टेज कुणाचं, हे ऑर्डर घ्यायच्या आधीच लिहून पाठव.

बाबांना सांग की परीक्षेचा फॉर्म भरलाय, आणि भर पण, दोन्ही एकदम होतं. फक्त जीएसटीचा अर्ज सेमिस्टरचे पेपर संपल्यावर टाक, तोवर परराज्यातली पार्सलं थांबव. नंबर मिळाला की रिटर्न सुरू होतं, 5 कोटी उलाढालीपर्यंत तीन महिन्यातनं एकदा भरायची सोय आहे ती निवड, पण एकही साडी विकली नाही तरी निल रिटर्न भरायचंच, उशीर झाला तर त्यालासुद्धा दिवसाला 20 रुपये लागतात.