फ्लॅटच्या बाल्कनीत एक वॉर्डरोब आणि मुलीचं स्टडी टेबल करायचंय, त्यासाठी पोर्टेबल टेबल सॉ (टेबलातून ब्लेड वर येणारी करवत) घ्यायचा आहे. सुरक्षित आणि अचूक मशीन कसं ओळखावं? की मिस्त्री वापरतात तसा टेबलाखाली उलटा कटर पुरेल?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही पुरणार.

चार इंची मार्बल कटर, त्याला लाकडाचं ब्लेड, वर प्लायचा तुकडा आणि स्विच दाबलेलाच राहावा म्हणून लॉक. हा जुगाड तुम्हाला कुठल्याही साइटवर दिसेल. त्यावर सुरेख काम करणारे मिस्त्री मीही पाहिलेत. पण ते मशीन फरशी कापायला बनवलंय. मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे, वर गार्ड (ब्लेडवरचं झाकण) नाही, ब्लेडमागे काही नाही, आणि बंद करायचं तर वाकून टेबलाखाली हात घालायचा. मिस्त्रीचा हात रोज त्यावर फिरतो. तुम्ही एखाद्या रविवारी करणार, त्यामुळे त्याचा हिशोब तुम्हाला लागू नाही.

आता टेबल सॉ. दुकानदार तुम्हाला आधी वॅट सांगेल. १८ मिमी प्लाय आणि अधूनमधून सागवानाची फळी यासाठी १५०० ते २००० वॅटचं कुठलंही बऱ्यापैकी मशीन चालतं, त्यामुळे तो आकडा ऐकून सोडून द्या. पाहायच्या गोष्टी दोन: ब्लेडच्या मागे उभी असणारी पातळ पट्टी, म्हणजे रायव्हिंग नाइफ, आणि लाकूड जिला टेकवून सरळ ढकलायचं ती बाजूची फेन्स.

रायव्हिंग नाइफ कशासाठी, हे समजलं की बाकी निम्मं समजतं. ब्लेडच्या पुढच्या बाजूचे दात खाली जातात आणि लाकूड टेबलावर दाबून धरतात. मागच्या बाजूचे दात मात्र वर येत असतात. कापताना लाकूड जरा तिरकं झालं, किंवा आतला ताण सुटून काप मिटला, की हेच मागचे दात लाकूड उचलतात आणि तुमच्या पोटाकडे फेकतात. यालाच किकबॅक म्हणतात. २५० मिमीचं ब्लेड ४८०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर दातांचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास भरतो. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही, उलट लाकडाबरोबर हातही ब्लेडकडे ओढला जाऊ शकतो. रायव्हिंग नाइफ त्या कापात उभी राहते आणि लाकूड मागच्या दातांवर जाऊ देत नाही.

ती ब्लेडबरोबर वर-खाली आणि तिरकी व्हायला हवी. फक्त गार्डचा खांब म्हणून एका जागी ठोकलेली पट्टी असेल, तर लोक गार्ड काढताना तीही काढून टाकतात आणि पुन्हा कधी लावत नाहीत. नाइफवर तिची जाडी कोरलेली असते. ती ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड आणि दातांच्या कापापेक्षा बारीक हवी: पत्रा १.८ मिमी, नाइफ २.२, काप २.८ असं काहीतरी. म्हणून पुढे स्वस्तातलं पातळ ब्लेड आणून चढवू नका, लाकूड नाइफवरच अडकेल. ब्लेडचं मधलं भोकही तपासून घ्या. बाजारात ३० मिमी आणि २५.४ मिमी, दोन्ही मिळतात.

फेन्सचं म्हणाल तर इथे अचूकपणा आणि सुरक्षितता वेगळ्या राहतच नाहीत. फेन्सचं मागचं टोक ब्लेडकडे झुकलेलं असेल, तर लाकूड दोघांच्या मध्ये आवळलं जातं. कडा जळून काळी पडते, माप चुकतं आणि किकबॅकही तिथूनच येतो. दुकानात जाताना खिशात एक कॉम्बिनेशन स्क्वेअर (सरकत्या पट्टीचा गुण्या) ठेवा आणि हे करून बघा. प्लग काढलेला असू द्या. ब्लेड पूर्ण वर घ्या, एका दातावर पेनाने खूण करा. टेबलावर ब्लेडशेजारी असलेल्या लांब खाचेला स्क्वेअर टेकवून तो दात पुढे असताना पट्टी त्याला जेमतेम टेकेल इतकी सरकवा. मग हाताने ब्लेड फिरवून तोच दात मागे न्या आणि तिथेही टेकते का बघा. दोन्हीकडे सारखी टेकली, तर ब्लेड खाचेला समांतर आहे. कागदाएवढा फरक चालेल, नख शिरेल एवढी फट चालणार नाही. त्यानंतर फेन्स लॉक करून तिचं मागचं टोक अंगठ्याने ढकला. हलली, तर मशीन कितीही चकाचक असो, पुढे जा.

दांतेरी पट्टीवर पुढची-मागची दोन्ही टोकं एकत्र सरकणारी, म्हणजे रॅक-पिनियनची फेन्स मिळाली, तर पैसे तिथे घाला. डिवॉल्टच्या २१० मिमीच्या डीडब्ल्यूई ७४८५ मध्ये ती आहे आणि फेन्स ६२२ मिमीपर्यंत जाते. आठ बाय चारच्या शीटची रुंदी १२२० मिमी, म्हणजे बरोबर मधून उभी चिरायला एवढं पुरतं. मात्र अख्खी शीट एकट्याने या टेबलावर चढवू नका. १८ मिमीची शीट तीस-पस्तीस किलोची असते, ती मशीनसकट तुम्हाला वळवेल. आधी जमिनीवर थर्माकोल अंथरून हातातल्या सर्क्युलर सॉने तुकडे करा, नेमकं माप नंतर टेबलावर काढा.

स्विचबद्दल फारसं कोणी बोलत नाही. मशीन चालू असताना लाइट गेली आणि तुम्ही बटण बंद करायला विसरलात, तर लाइट आल्यावर ते आपोआप फिरायला नको. परत हिरवं बटण दाबल्याशिवाय सुरू न होणारा, नो-व्होल्ट रिलीजचा स्विच आहे का, हे दुकानातच प्लग काढून-लावून बघा. आपल्याकडच्या विजेच्या लपंडावात हे मला गार्डइतकंच महत्त्वाचं वाटतं. प्लग १६ अँपियरच्या सॉकेटमध्येच लावा, मोबाइल चार्जरवाल्या एक्स्टेंशनवर नको.

बोट लागताच थांबणाऱ्या सॉस्टॉप कंपनीच्या टेबल सॉचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ते खरं आहे. ब्लेडमध्ये सोडलेला विजेचा सिग्नल त्वचा लागताच बदलतो, ॲल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसतो आणि ब्लेड सुमारे पाच मिलिसेकंदांत थांबतं. ब्लेड आणि ब्रेकचं कार्ट्रिज दोन्ही बाद होतात, पण बोट वाचतं. मात्र अमेरिकेतल्या भावाला सांगून तिथलं मॉडेल मागवू नका. ते १२० व्होल्टचं आहे, आणि एवढ्या वॅटचा ट्रान्सफॉर्मर सांभाळत बसणं काही खरं नाही.

मशीनबरोबर आलेलं ब्लेड बहुधा २४ दातांचं असतं. लाकूड उभं चिरायला ते ठीक, पण माइका लावलेल्या प्लायची कड कुरतडून टाकतं. ६० दातांचं चांगलं टीसीटी (दातांना कार्बाइडची टोकं असलेलं) ब्लेड सोबतच घ्या. हातमोजे घालू नका, ब्लेड त्यांना धरून हात आत ओढतं. चष्मा, कानाला प्लग आणि मास्क मात्र हवेतच. चार बोटांपेक्षा अरुंद पट्टी असेल तर हाताने नाही, पुश स्टिकने ढकला.

आणि तुम्ही लिहिलंय की सध्या एक वॉर्डरोब आणि मुलीचं स्टडी टेबल एवढंच करायचंय, तेही फ्लॅटच्या बाल्कनीत. एवढ्यासाठी मी तरी मशीन घेणार नाही. भुसा खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाईल आणि आवाजावरून सोसायटीच्या ग्रुपवर तुमचं नाव येईल ते वेगळंच. मोठ्या प्लायवाल्यांकडे पॅनेल सॉ, म्हणजे अख्खी शीट कापायचं मशीन असतं, मिलिमीटरमध्ये कटिंग लिस्ट दिली की ते काटकोनात कापून देतात. लिस्ट देताना एजबँडची (कडेला चिकटवायच्या पट्टीची) जाडी वजा केली आहे का, हे तेवढं आधी ठरवून सांगा. ड्रिल, क्लॅम्प आणि एक चांगला गुण्या, यावर ही दोन्ही कामं होतात. त्यानंतरही हात शिवशिवत असतील तर टेबल सॉ बघा.