कोल्हापूरकडच्या शेतकरी ख्रिस्ती घरातलं स्थळ आलंय. घर, शेती, चर्च, गाव हे सगळं एकाच बाईला जमतं कसं?

जय ख्रिस्त. तू लिहिलंयस की पुण्यात वाढलीस, नोकरी करतेस आणि करवीर तालुक्यातल्या शेतकरी घरातलं स्थळ आलंय. मुलाची आई महिला मंडळात पुढे, गावात कुणाच्याही अडीनडीला धावणारी, आणि ते बघून तुला धास्ती बसलीय. मी त्याच तालुक्यात २९ वर्षं सून आहे, म्हणून लिहिते.

जमत नाही, हे आधी सांगते. रोज काहीतरी राहतंच, पाहुण्यांना दिसत नाही एवढंच.

आमच्याकडं घड्याळ भिंतीवर आहे, पण घर चालतं म्हशींच्या वेळेवर. पहाटे पाचला शेणघाण, मग धार, सातच्या आत दूध डेअरीत. संध्याकाळी पुन्हा तेच. रविवार असो नाहीतर गुड फ्रायडे, म्हशीला त्याचं काही नसतं. उपासना दहाला. वैरण टाकून, भाकरी बडवून, आंघोळ करून साडी नेसेपर्यंत पहिलं गीत संपलेलं असायचं, आणि मी मागच्या दारानं आत शिरायची. सासूबाई मात्र पहिल्या बाकावर, वेळेच्या आधी. मंडळाच्या बैठका, आजाऱ्याच्या घरची प्रार्थना, कुणाच्या बाळंतिणीला डिंकाचे लाडू, काही चुकायचं नाही. यांना कसं साधतं, याचं मला फार कौतुक वाटायचं. त्यांना साधत होतं कारण घरात मी होते, हे कळायला दोन वर्षं गेली.

यात त्यांचा दोष काढत नाही. त्यांनीही आधीची वीस वर्षं मागच्या दारानंच काढली होती.

आता मी पहिल्या बाकावर असते. घरात अजून सून आलेली नाही. मला टायफॉइड झाला तेव्हा आमच्या ह्यांनी नाइलाजानं धार काढायला घेतली. पहिल्या दिवशी म्हशीनं लाथ मारून बादली सांडली, चौथ्या दिवशी दूध द्यायला लागली. मी बरी झाले तरी सकाळची धार मी त्यांच्याकडेच ठेवली. गावात चार दिवस चेष्टा झाली, मग लोकांना दुसरं काहीतरी सापडलं.

शेती आमची पावणेदोन एकर. शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतनं बंद करून जमिनी रयताव्यानं, म्हणजे सारा भरून मालकीनं, दिल्या, त्यातली ही. ऊस असतो. भांगलण, म्हणजे तण काढणं, आम्ही पैऱ्यानं करतो, आज तुझ्या रानात तर उद्या माझ्या. पैऱ्यातल्या आम्ही सातजणी, त्यात ख्रिस्ती दोघीच. बांधावर डबा सोडून बसलो की चर्च कुठलं आणि देऊळ कुठलं, कोण विचारतं? मोटारीची वीज आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री. रात्रपाळीला पाणी पाजायला पुरुष जातात, दार उघडायला आपण जागं राहायचं.

पण मला खरं सांगायचंय ते नाताळचं. आमच्याकडं नाताळ ऐन गळीत हंगामात येतो. जुलैत लावलेला आडसाल ऊस सतरा महिन्यांनी तोडीला येतो, म्हणजे नेमका डिसेंबरात. एका वर्षी ऊसतोडीची टोळी आली २४ तारखेला दुपारी. करंज्यांचं सारण परातीत, चांदणी अजून दारात लावायची होती, आणि रानात बैलगाड्या. आलेली तोड परत पाठवता येत नाही, पुन्हा पाळी कधी येईल सांगता येत नाही. ह्यांनी टोळीला खुशालीचे, म्हणजे वरचे, पैसे मोजले, मी करंज्या तशाच झाकून वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायला गेले, कारण तेवढीच म्हशींची आठ दिवसांची वैरण. टोळी बीडकडची. एका कोयत्यावाल्या बाईचं तान्हं पोर फडाच्या कडेला झोळीत होतं. रात्री अकराला मंडळाच्या चौघीजणी आमच्याच घरी आल्या आणि माझ्या करंज्या त्यांनी तळल्या. सकाळी उपासनेनंतर त्यातल्या अर्ध्या करंज्या टोळीच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, गेल्या. तेव्हापासून दरवर्षी मंडळ फराळाचा एक वाटा कोप्यांवर नेतं. पाळकसाहेबांना हे नंतर कळलं.

महापूर तर तू टीव्हीवर बघितला असशील. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ च्या वर गेलं. हायवे बंद, दुधाची गाडी नाही. चर्च उंचावर, म्हणून सगळी गल्ली तिथं आली, जनावरांसकट. आठ दिवस आम्ही बायका भाकरी थापत होतो आणि उरलेल्या दुधाचा खवा आटवत होतो. बाकं बाजूला केली होती, वेदीशेजारी कुणाची तरी शेळी. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, चर्चच्या दोन पंचांना वाटलं.

आता तुझ्या कामाचं. कष्टाला घाबरू नकोस, पुण्याच्या नोकरीतही ते आहेतच. पण कष्ट कुणाच्या नावावर लागतात ते बघ. धारा मी काढत होते आणि दर दहा दिवसांचं दुधाचं बिल जमा व्हायचं सासऱ्यांच्या खात्यावर. त्यामुळं साबण घ्यायचा तरी त्यांच्याकडं हात पसरायचा. अकराव्या वर्षी मी दूध संस्थेचं सभासदत्व स्वतःच्या नावावर घेतलं. घरात महिनाभर कुणी नीट बोललं नाही. तू हे पहिल्या वर्षीच कर. सातबाऱ्यावर बायकोचं नाव नवऱ्याच्या संमतीनं लावता येतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं बायकोच्या नावावर जमीन करायची लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, त्यातून १९९२ साली सरकारचं परिपत्रक निघालं. आणि आपल्याला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो: मृत्युपत्र नसेल आणि मुलंबाळं असतील तर विधवेला एक तृतीयांश, उरलेलं मुलगा-मुलगी सारखं. आपल्या चर्चमधल्या किती बायकांना हे माहीत नाही, काय सांगू. गेल्या वर्षी मंडळाच्या बैठकीत मी शास्त्रपाठानंतर सातबारा वाचायला शिकवला. दोघीजणी रुसल्या, बाकीच्यांनी पुढच्या वेळी आपापले उतारे आणले.

साखरपुड्याआधी एखाद्या शनिवारी त्यांच्या घरी मुक्कामाला जा, आईला सोबत घेऊन. पहाटे पाचला उठ आणि गोठ्यात कोण आहे ते बघ. एकटी सासू दिसली तर उद्याची तू तिथं उभी आहेस असं समज. मुलाच्या हातात पाटी असेल आणि कुणी सांगायच्या आधी तो शेण काढत असेल, तर तारीख धरायला हरकत नाही.