प्रबंध कालपर्यंत चालत होता ना? मग गिटला विचारा

तुमच्या दोन तक्रारी आहेत. पहिली: सहा प्रकरणांचा मराठी प्रबंध झीलाटेकमध्ये (युनिकोड चालणारं लाटेक, म्हणजे मजकुरात लिहिलेल्या आज्ञांवरून पीडीएफ बनवणारी प्रणाली) आहे, सगळा गिटमध्ये (फाइलींच्या बदलांचा इतिहास जपणारं साधन) ठेवलेला आहे, आणि गेल्या आठवड्यापासून चौथ्या प्रकरणाच्या शेवटच्या ओळीवर 'रनअवे आर्ग्युमेंट' म्हणून कंपाइल, म्हणजे पीडीएफ बनणं, थांबतंय. त्या ओळीत तर काहीच चुकीचं दिसत नाही. दुसरी: त्याआधीच्या पीडीएफमध्ये काही शब्दांत वेलांटीला चिकटून ठिपक्यांचं वर्तुळ येतंय आणि मार्गदर्शकांनी त्यावर लाल खुणा केल्यात. 'कंस मोजून बघा' हा सल्ला तुम्हाला आधीच मिळालाय. दोनशे पानांत कंस मोजणं म्हणजे शिक्षा आहे, शिवाय गरजही नाही. रेपो (गिटमधला साठा) आहे ना, मग कुठे चुकलं हे बाजूला ठेवून कधी चुकलं ते आधी शोधू. (आज्ञा मी देवनागरीत लिहिते आहे, टर्मिनलमध्ये त्या रोमनमध्येच द्यायच्या.)

टेकने (लाटेकच्या मुळाशी असलेल्या यंत्रणेने) दिलेला ओळ क्रमांक इथे कामाचा नाही. तळटीपेचा पहिला महिरपी कंस दिसला की टेक तो बंद करणारा कंस शोधत पुढे जातो. तळटीपेत एकाहून जास्त परिच्छेद चालतात, त्यामुळे परिच्छेद संपला म्हणून तो थांबत नाही. फाइल संपेपर्यंत वाचत जातो आणि तिथे हात टेकतो. तुम्हाला दिसतो तो क्रमांक या हात टेकण्याच्या जागेचा. वरच्या मजल्यावर पाइप फुटतो आणि ओल खालच्यांच्या भिंतीवर उमटते, तसाच प्रकार. ठळक अक्षरांच्या आज्ञेतला कंस सुटला असता तर परिच्छेद संपताच ओरड झाली असती आणि क्रमांक जवळपासचा मिळाला असता. त्यामुळे तुमच्या बाबतीत तळटीपेवरच संशय घ्यायला जागा आहे.

आता कंस गेला कुठे? मराठी प्रबंधात माझा पहिला संशय कायम टक्क्याच्या चिन्हावर असतो. लाटेकमध्ये % म्हणजे 'इथून ओळीच्या शेवटापर्यंत दुर्लक्ष कर'. कुणीतरी सुचवतं की 'टक्के' ऐवजी चिन्ह वापरा, आपण शोधा-बदला चालवतो आणि चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ द्यायची राहते. मजकुरात हे घडलं तर कसलीही चूक दाखवली जात नाही, ओळीचा उरलेला भाग गुपचूप नाहीसा होतो. तळटीपेत घडलं तर त्या भागाबरोबर बंद करणारा कंसही जातो, आणि मग हे 'रनअवे'. म्हणजे तुमच्याकडे एक दिसणारी चूक असेल, तर न दिसणाऱ्या आणखी काही असण्याची शक्यता बरीच आहे. म्हणूनच ती एक ओळ सापडली की दुरुस्त करून पुढे जाऊ नका. ज्या बदलात ती आली, तो अख्खा बदल बघायचा आहे.

सुरुवात करण्याआधी दोन गोष्टी. टेक अर्ध्यात थांबतो तेव्हा .ऑक्स आणि .टीओसी या त्याच्या साहाय्यक फाइली अर्धवट लिहिलेल्या राहू शकतात. पुढच्या वेळी तो त्याच वाचतो आणि मूळ चूक दुरुस्त केली तरी अनुक्रमणिकेपाशी अडखळतो. त्यामुळे आधी त्या सगळ्या उडवा (लाटेकच्या फेऱ्या आपोआप चालवणारं 'लाटेकएमके' वापरत असाल तर छोट्या सी-चा पर्याय हेच करतो). या फाइली गिटमध्ये टाकल्या असतील तर काढून .गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींची यादी) नोंदवा, नाहीतर जुना कमिट (गिटमध्ये नोंदवलेला एकेक टप्पा) उघडताना त्या सारख्या आड येतील.

दुसरी गोष्ट लोक हमखास टाळतात. जो कमिट 'तेव्हा नीट चालत होता' अशी तुमची खात्री आहे, तो आज पुन्हा उघडून कंपाइल करून बघा. चालला तर बिघाड तुमच्या मजकुरात आहे. तोही आज चालत नसेल तर इतिहास चाळून हाती काही लागणार नाही, कारण बदल प्रबंधात नसून भोवतालात झालाय: टेक लाइव्ह (टेक आणि त्याच्या पॅकेजांचा संच) अद्ययावत झालं, एखादं पॅकेज बदललं किंवा फॉन्टची नवी आवृत्ती बसली. ओव्हरलीफवर (ब्राउझरमध्ये लाटेक चालवणारी सेवा) असाल तर प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये टेक लाइव्हचं जुनं वर्ष निवडून बघता येतं. आपल्या संगणकावर असाल तर दस्तऐवजाच्या सुरुवातीला 'लिस्टफाइल्स' ही आज्ञा द्या, म्हणजे वापरलेल्या सगळ्या पॅकेजांची नावं आणि तारखा लॉगमध्ये छापून येतात. ती यादी अधूनमधून रेपोत कमिट करून ठेवा. एरवी कंटाळवाणी आहे, पण अशा दिवशी तिचा जुन्या यादीशी फरक काढला की पाच मिनिटांत संशयित सापडतो.

आता मुख्य काम. गिटमध्ये 'बायसेक्ट' नावाची सोय आहे. प्रोग्रामर ती कोडसाठी वापरतात, पण तिला मजकूर आणि कोड यातला फरक कळत नाही. हातातलं अर्धवट काम आधी कमिट किंवा स्टॅश करा (तात्पुरतं बाजूला ठेवा). 'गिट बायसेक्ट स्टार्ट', मग आजच्या स्थितीला 'गिट बायसेक्ट बॅड' आणि जुन्या चालत्या कमिटला 'गिट बायसेक्ट गुड'. गिट त्यांच्या बरोबर मधला कमिट उघडून देतो. तुम्ही कंपाइल करायचं आणि गुड की बॅड ते सांगायचं. दर वेळी शोधाची जागा निम्मी होते. मध्ये २५० कमिट असले तरी साधारण आठ फेऱ्यांत दोषी कमिट हाती येतो, हजार असले तर दहा. एखादा मधला कमिट भलत्याच कारणाने तपासता येत नसेल तर 'स्किप' म्हणा. काम संपलं की 'गिट बायसेक्ट रीसेट', नाहीतर जुन्याच कमिटवर बसून लिहीत राहाल.

प्रत्येक फेरीत दोनदा-तीनदा झीलाटेक चालवत बसायचं नसेल तर 'गिट बायसेक्ट रन' पुढे कंपाइलची आज्ञा द्या आणि चहा प्यायला जा. आज्ञा ० परत देते तेव्हा गिट कमिट चांगला धरतो, १२५ दिलं तर वगळतो, आणि १ ते १२७ मधलं बाकी काहीही वाईट. लाटेकएमकेला 'हॉल्ट-ऑन-एरर' आणि 'नॉनस्टॉपमोड' सांगा, म्हणजे ते मध्येच प्रश्न विचारत थांबणार नाही. शिवाय जीजी हा पर्याय द्या, म्हणजे दर फेरीला आधीच्या उरलेल्या फाइली पुसून नव्याने सुरुवात होईल. एक धोका मात्र लक्षात ठेवा. 'कंपाइल झालं नाही' आणि 'हीच चूक आली' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधल्या काळात ग्रंथसूचीत एखादा मोकळा & राहून तीन कमिटपुरतं कंपाइल बंद होतं असं समजा. आंधळेपणाने चालवलेलं बायसेक्ट मग त्याच कमिटकडे बोट दाखवेल. म्हणून चार ओळींची स्क्रिप्ट लिहा: कंपाइल करा, लॉगमध्ये 'रनअवे' शोधा, सापडलं तर १, कंपाइल नीट झालं तर ०, दुसरंच काही बिघडलं तर १२५.

कमिट मिळाला की 'गिट शो' करा, पण शब्दांचा फरक दाखवणाऱ्या 'वर्ड-डिफ' पर्यायासह. नुसता ओळींचा फरक पाहिलात तर आख्खे परिच्छेद लाल-हिरवे दिसतील आणि डोळे फिरतील.

तुमच्या लिहिण्यावरून मला अशी शंका आहे की बायसेक्ट 'सरांच्या सूचना' अशा नावाच्या एका अवाढव्य कमिटवर येऊन थांबेल. दोन दिवसांचं काम, सहाही प्रकरणं, शेकडो ओळी. गिट यापुढे बारीक शोधू शकत नाही, पण तुम्ही शोधू शकता. त्या कमिटच्या आधीच्या स्थितीवर जा आणि दोषी कमिटमधलं फक्त चौथं प्रकरण तिथे आणा ('गिट चेकआउट', कमिटचा क्रमांक, दोन आडव्या रेघा, फाइलचं नाव). कंपाइल मोडलं की फाइल पक्की झाली. मग त्या फाइलमधले बदल तुकड्या-तुकड्याने घ्या. तळटीपा असलेले तुकडे आधी. आणि सापडल्यावर उतावीळपणे 'गिट रिव्हर्ट' करू नका, मार्गदर्शकांच्या शंभर चांगल्या दुरुस्त्या त्या एका कंसापायी परत जातील. हाताने दुरुस्त करा, आणि त्याच कमिटमध्ये आलेला प्रत्येक % तपासा.

आता ठिपक्यांचं वर्तुळ. इथे बायसेक्ट चालवू नका. कंपाइल नीट होतं, लॉग स्वच्छ असतो, म्हणजे यंत्राला गुड-बॅड ठरवायला काही नाही. मात्रेला आधार द्यायला व्यंजन मिळालं नाही की अक्षरजुळणी करणारा भाग फॉन्टमधलं ते वर्तुळ आणून ठेवतो. ते चिन्ह फॉन्टमध्ये असल्यामुळे 'अक्षर नाही' अशी सूचनाही येत नाही. कारणं ठरलेली: मात्रेआधी घुसलेली मोकळी जागा, एकावर एक दोन मात्रा, किंवा वेबवरून चिकटवताना आलेलं न दिसणारं शून्य रुंदीचं चिन्ह. आणि सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांतून युनिकोडमध्ये आणलेला मजकूर. तिथे ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, म्हणजे व्यंजनाच्या आधी टंकलेली असते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर यावी लागते. रूपांतरक कुठेतरी चुकतो आणि वेलांटी शब्दाच्या तोंडाशी निराधार राहते.

'गिट ग्रेप'ने मोकळ्या जागेनंतर लगेच मात्रा येणाऱ्या जागा शोधा. मिळालेल्या एका ओळीवर 'गिट ब्लेम' चालवा. (हे नाव चांगलं नाही. कुणावर खापर फोडण्यासाठी ते नसतं, विशेषतः सहलेखक असतील तेव्हा.) ब्लेम सांगेल की ही ओळ कुठल्या कमिटमध्ये आली. तो कमिट उघडलात की बहुधा दिसेल की त्या दिवशी तुम्ही जुन्या एम.फिल.च्या फाइलीतून दहा-बारा पानं उचलून आणली होती. मग त्या दहा-बारा पानांतलाच प्रत्येक शब्द वाचायचा, उरलेली पावणेदोनशेहून जास्त पानं सोडून द्यायची. मार्गदर्शकांनी सात ठिकाणी खुणा केल्या असतील, पण त्यांच्या नजरेतून सुटलेल्या जागाही त्याच पानांत असणार. यापुढे असा मजकूर आणलात तर रूपांतरकाने दिला तसाच, एकही दुरुस्ती न करता, आधी वेगळा कमिट करा, आणि दुरुस्त्या दुसऱ्या कमिटमध्ये.

याच जातीचा आणखी एक त्रास इथे बऱ्याच जणांना झालेला आहे. 'दुसऱ्या'मधला ऱ्या दोन प्रकारांनी टंकता येतो: खाली टिंब असलेला ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) घेऊन. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. एखाद्या सहलेखकाने मजकूर अशा साधनातून फिरवला की जे न दिसणारी चिन्हं 'साफ' करतं, तर पहिला प्रकार टिकतो आणि दुसऱ्या प्रकाराचा 'दुसर्या' होतो. डिफमध्ये ओळ बदललेली दिसते आणि डोळ्यांना फरक कळत नाही, तेव्हा ती ओळ हेक्सडंपमधून (फाइलचे बाइट आकड्यांत दाखवणारं साधन) बघा. जॉइनर तीन बाइटांचा असतो आणि तिथे लपू शकत नाही. संपूर्ण प्रबंधात एकच प्रकार ठेवा. मी टिंबवाला ऱ ठेवते, तो असल्या सफाईतून वाचतो.

दिसण्यातले बिघाड कधीकधी मजकुरात नसतातच. ल आणि श एका रात्रीत हिंदी वळणाचे झाले तर प्रकरणं वाचत बसू नका, फक्त प्रिअ‍ॅम्बलच्या (सुरुवातीला पॅकेजं आणि फॉन्ट ठरवणाऱ्या भागाच्या) फाइलचा 'गिट लॉग -पी' बघा. फॉन्टच्या पर्यायांमधून 'लँग्वेज = मराठी' कुणीतरी उडवलेलं असतं.

या सगळ्याची धार वाढवणारी एक सवय आहे: एका ओळीत एकच वाक्य. हा सल्ला बेल लॅब्सच्या ब्रायन कर्निहान यांनी १९७४ मध्येच युनिक्स शिकणाऱ्यांना दिला होता आणि अजून जुना झालेला नाही. टेकला ओळ तोडल्याने फरक पडत नाही, परिच्छेद रिकाम्या ओळीनेच होतो. पण डिफ, ब्लेम, ग्रेप हे तिघेही ओळीवर चालतात. अख्खा परिच्छेद एका ओळीत असेल तर ब्लेम फक्त शेवटी स्वल्पविराम कुणी हलवला ते सांगेल. आणि चुकलेला % उरलेला परिच्छेद गिळेल, तोच एका वाक्यापुरता राहिला असता. आहे तो प्रबंध असा तोडणार असाल तर तो कमिट निव्वळ ओळी तोडण्याचा ठेवा, त्यात शब्द बदलू नका. गिट २.२३ पासून ब्लेमला असे कमिट वगळायला सांगता येतं, त्यांच्या क्रमांकांची एक फाइल ठेवायची.

विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे लिहीत असाल तर .गिटअ‍ॅट्रिब्यूट्समध्ये '* टेक्स्ट=ऑटो' (बरोबरच्या चिन्हाभोवती जागा न सोडता) करून टाका, नाहीतर ओळींच्या शेवटामुळे एके दिवशी सगळीच फाइल बदललेली दिसेल. आणि तुमच्या प्रकरणांच्या फाइलींना मराठी नावं असतील तर 'गिट स्टेटस'मध्ये ३४०, २४४ असे आकडे दिसत असतील. काही बिघडलेलं नाही, 'कोअर.कोटपाथ' फॉल्स करा.

वर्डवाल्यांनी विचारलं होतं म्हणून: .डॉकएक्स ही झिप केलेली फाइल आहे, गिट ती साठवेल पण फरक दाखवणार नाही. पॅनडॉकला (एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात बदलणारं साधन) 'टेक्स्टकॉन्व्ह' म्हणून जोडलं तर मजकुराचा फरक दिसतो. मांडणीतला बिघाड मात्र त्यात सापडत नाही, आणि वर्डमध्ये निम्मे बिघाड मांडणीचेच असतात.

बायसेक्ट कुठल्या कमिटवर थांबलं ते कळवा. सोबत लॉग नको, त्या कमिटमधला चौथ्या प्रकरणाचा शब्दांचा फरक तेवढा टाका.