सेलमधला आकडा खरंच आकडा आहे का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी एका पतसंस्थेत क्लार्क आहे. रोज बँकेच्या साइटवरून स्टेटमेंट उतरवून एक्सेलमध्ये घेतो, रकमेचा कॉलम दिसायला एकदम व्यवस्थित असतो पण सम लावली की कधी शून्य येतं कधी अर्धवटच बेरीज येते, आणि तेच दोन सेल मधे प्लस टाकून जोडले की उत्तर बरोबर येतं! व्हिडिओ बघून इझन्यूमेरिक हे फंक्शन वापरून मॅक्रो (एक्सेलकडून काम करवून घेणारा छोटा प्रोग्राम) लिहिला तर तो म्हणतो सगळे सेल नंबरच आहेत, रिकामेसुद्धा. नक्की चुकतंय कुठं?
(एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : नमस्कार दादा. तुम्ही प्लसची गोष्ट लिहिलीत ते फार बरं केलंत, कारण रोगाचं निदान तिथेच होतं. प्लस लावलं की एक्सेल मजकुरात लिहिलेला आकडासुद्धा स्वतःहून नंबर करून घेतं, पण समला रेंज दिली की ती त्या रेंजमधला मजकूर सरळ सोडून देते, चूक दाखवत नाही, काही नाही. म्हणजे तुमच्या कॉलममधल्या काही रकमा (शून्य येतं तेव्हा सगळ्याच) मजकूर म्हणून बसल्यात. मॅक्रोआधी एक पटकन करायची तपासणी, त्याच कॉलमवर काउंट लावा आणि काउंटए लावा, काउंट फक्त आकडे मोजतं आणि काउंटए भरलेले सगळे सेल मोजतं, हेडिंग सोडून दोन्हीत फरक आला की समजायचं आत मजकूर आहे.

आता इझन्यूमेरिक. हे फंक्शन वाईट नाहीये, पण त्याला विचारलेला प्रश्न वेगळा आहे. ते सांगतं की या गोष्टीचा आकडा *होऊ शकतो* का. आणि होऊ शकतो म्हणण्यात ते फारच उदार आहे. रिकामा सेल दिला तरी ते हो म्हणतं, कंसात 500 लिहिलं तरी हो (ते वजा 500 धरतं), स्वल्पविराम भलत्या जागी असले तरी हो, आणि सगळ्यात घातक म्हणजे दोन, ई, पाच असा फ्लॅट नंबर किंवा कोड असला तर तोही त्याला आकडाच वाटतो, 2 वर पाच शून्यं, म्हणजे 2,00,000. ईच्या जागी डी असला तरी तेच. उलट तारीख असलेला सेल दिला की नाही म्हणतं, जरी एक्सेलच्या पोटात तारीख हा आकडाच असला तरी. तुम्हाला विचारायचंय वेगळंच, की सेलमध्ये आत्ता *काय साठवलंय*. त्यासाठी टाइपनेम (साठवलेल्या गोष्टीचा प्रकार सांगणारं फंक्शन) वापरा, आणि सेलच्या व्हॅल्यूला नाही तर व्हॅल्यू2 ला लावा, कारण साधी व्हॅल्यू फॉरमॅट बघून कधी करन्सी सांगते कधी डेट, व्हॅल्यू2 मात्र दोन्हीला डबल म्हणते. मग उत्तरं पाचच उरतात: डबल म्हणजे आकडा, स्ट्रिंग म्हणजे मजकूर, बुलियन म्हणजे खरं-खोटं, एम्प्टी म्हणजे रिकामा, आणि एरर.

मॅक्रो असा बांधा (कोडचे शब्द टाइप करताना इंग्रजीतच करायचे, इथे उच्चार दिलेत). ऑल्ट एफ11 दाबून मॉड्यूल घ्या, सिलेक्शनमधल्या प्रत्येक सेलसाठी फॉर ईचचा लूप, आत सिलेक्ट केसला (उत्तराप्रमाणे वेगळं काम करणारी रचना) टाइपनेमचं उत्तर द्या. पूर्ण कॉलम सिलेक्ट करायची सवय असेल तर आधी इंटरसेक्ट लावून यूज्डरेंजपुरतंच (शीटच्या वापरलेल्या भागापुरतंच) काम ठेवा, नाहीतर लूप 10,48,576 ओळी फिरत बसतो. डबलला काही करू नका. एररलाही वेगळी केस ठेवा, कारण एररचा सेल रिकाम्या स्ट्रिंगशी ताडून बघायला गेलात की मॅक्रो टाइप मिसमॅच म्हणून तिथेच थांबतो. स्ट्रिंग आली की मात्र जरा थांबून साफसफाई करायची: रिप्लेसने 160 नंबरचं कॅरॅक्टर काढा, मग स्वल्पविराम काढा, मग ट्रिम (मागच्या-पुढच्या स्पेस काढणारं फंक्शन). हे 160 म्हणजे वेबपेजवर वापरतात ती न तुटणारी स्पेस, साध्या स्पेससारखीच दिसते पण ट्रिमला ती स्पेस वाटतच नाही, आणि वेबवरून आलेल्या स्टेटमेंटमध्ये बहुतेक वेळा हीच आकड्याच्या मागे चिकटलेली असते. साफ केल्यावर उरलेल्या स्ट्रिंगला इझन्यूमेरिक विचारा, इथे ते उपयोगाचं आहे, कारण रकमेच्या कॉलममध्ये फ्लॅट नंबर येणार नाहीत. हो आलं तर सेल पिवळा, नाही आलं तर लाल, आणि काहीच उरलं नाही तर सोडून द्या.

पहिल्या फेरीत फक्त रंग, बदल नको, हे मी आग्रहाने सांगते. मॅक्रोने केलेला बदल कंट्रोल झेडने परत येत नाही, आणि पतसंस्थेच्या हिशोबात लोकांचे पैसे असतात. पिवळे सेल डोळ्यांखालून घाला, फाइलची कॉपी ठेवा, मगच दुसऱ्या मॅक्रोने फक्त पिवळ्यांवर काम करा: हॅजफॉर्म्युला बघून फॉर्म्युल्याचे सेल वगळा, आधी नंबरफॉरमॅट जनरल करा आणि नंतर सीडबल (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) लावून साफ केलेली स्ट्रिंग परत सेलमध्ये टाका. क्रम उलटा केलात आणि सेल टेक्स्ट फॉरमॅटचा असला तर आकडा परत मजकूर होऊनच बसतो. आणि नुसता फॉरमॅट बदलून तर काहीच होत नाही, आतला मजकूर तसाच राहतो, खूप जण तिथेच अडकतात.

लाल सेलमध्ये बहुधा रकमेपुढे सीआर (क्रेडिट, जमा) किंवा डीआर (डेबिट, नावे) लिहिलेलं निघेल. ती अक्षरं मॅक्रोने सरसकट पुसू नका, डेबिटची रक्कम वजा धरायची की वेगळ्या कॉलममध्ये न्यायची हे आधी ठरवा, नाहीतर बेरीज येईल पण चुकीची येईल.

तारखेचा कॉलमही असाच तपासा, पण तिथे एक जास्तीचा धोका आहे. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असेल, म्हणजे महिना आधी, आणि फाइलमध्ये आपल्यासारखा दिवस आधी असेल तर 13 तारखेपासून पुढच्या तारखा मजकूर म्हणून राहतात, त्या मॅक्रोत लगेच सापडतात, पण 5 जून ही 6 मे होऊन गुपचूप बसते आणि टाइपनेम तिला डबल म्हणूनच पास करतं. तेव्हा तारखेच्या कॉलममध्ये मजकूर आणि आकडे मिसळलेले दिसले तर फक्त मजकूर दुरुस्त करू नका, फाइल परत इम्पोर्ट करा आणि कॉलमला दिवस-महिना-वर्ष असा क्रम सांगा.

प्रश्न : मॅडम, मी शिक्षिका आहे, शिष्यवृत्तीसाठी मुलांचे बँक खाते नंबर आणि आधार नंबर एक्सेलमध्ये भरते. काही खात्यांचा शेवटचा अंक आपोआप शून्य झालाय आणि आधार तर मधे ई आणि प्लस 11 असं दाखवतंय. हे नंबर आहेत की मजकूर ते मॅक्रोने तपासून दुरुस्त होईल का?
(एक वाचक, बीड)

उत्तर : बाई, इथे सगळं उलटं आहे, तुमचे हे कॉलम मजकूरच असायला हवेत आणि ते आकडे झालेत हाच प्रॉब्लेम आहे. एक्सेल आकड्याचे 15 अंकच धरून ठेवतं, सोळावा अंक आला की त्याच्या जागी शून्य. तो अंक सेलमधून गेला, कुठलाही मॅक्रो तो परत आणू शकत नाही, त्या मुलांची पासबुकं परत बघावीच लागतील. सुरुवातीची शून्यंही अशीच जातात. आधार 12 अंकी आहे त्यामुळे तिथे काही हरवलेलं नाही, फक्त दिसायला तसं दिसतंय.

हे वेळेत पकडायला मॅक्रो नक्की कामाचा. खाते नंबरच्या कॉलमवर लूप फिरवा, जिथे टाइपनेम स्ट्रिंग नाही तो सेल लाल करा. स्ट्रिंग असेल तर लेनने लांबी बघा आणि लाइक ऑपरेटरने आत अंकाशिवाय दुसरं काही नाही ना ते बघा. इझन्यूमेरिक इथे चुकूनही नको. आणि यापुढे नवीन यादी करताना कॉलम *आधी* टेक्स्ट फॉरमॅट करा, मग भरा. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली माहिती असलेली साधी मजकूर) फाइल आली तर डबल क्लिक करून उघडू नका, डेटा मेन्यूतून इम्पोर्ट करा आणि त्या कॉलमला टेक्स्ट निवडा. तुमच्या एकटीवरच ही वेळ आलीय असं नाही, एक्सेल काही जनुकांच्या नावांच्या तारखा करून टाकायचं म्हणून शास्त्रज्ञांनी 2020 मध्ये ती नावंच बदलली! मुलाची शिष्यवृत्ती एका अंकापायी अडकू नये म्हणून एवढी काळजी घ्याच.

प्रश्न : आमच्याकडे एक्सेल नाही, लिबरऑफिस आहे. तिथे हे कसं करायचं?
(एक वाचक, पणजी)

उत्तर : तिथे उलट सोपं आहे. मॅक्रोशिवाय बघायचं तर कंट्रोल एफ8 दाबा, आकडे निळे, फॉर्म्युले हिरवे आणि मजकूर काळा दिसतो. मॅक्रोत सेलची टाइप ही प्रॉपर्टी विचारा, ती एम्प्टी, व्हॅल्यू, टेक्स्ट, फॉर्म्युला यापैकी एक सांगते. फॉर्म्युला आलं तर तेवढ्यावर थांबू नका, फॉर्म्युलारिझल्टटाइप2 विचारा, 1 आलं तर उत्तर आकडा आहे, 2 आलं तर मजकूर, 4 म्हणजे एरर. फक्त सेलच्या व्हॅल्यूवरून अंदाज बांधू नका, मजकुराच्या सेलची व्हॅल्यूही तिथे 0 येते, मग खरा शून्य कुठला ते कळत नाही. आणि सेल गाठायला गेटसेलबायपोझिशन वापरताना आधी कॉलम मग ओळ, दोन्हींची मोजणी शून्यापासून.