वर्गात मारहाण, शिवीगाळ झाली तर: नव्या शिक्षिकेसाठी

विद्यार्थ्याने किंवा पालकाने शिवीगाळ केली, हात उचलला, तर त्याच दिवशी लिहून काढ: वेळ, जागा, समोर कोण होतं, नेमके शब्द. शिवी सौम्य करू नकोस, होती तशीच लिही. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दे आणि पोच घेच. तोंडी तक्रार हवेत विरते. लागलं असेल तर डॉक्टरांकडे नोंद कर. धमकीचे मेसेज पुसू नकोस. चिडलेल्या पालकांना एकटी भेटू नकोस. ‘हिला वर्ग सांभाळता येत नाही’ असं कुणी म्हणेल. मला याचा फार राग येतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१९ च्या १९० क्रमांकाच्या करारात बाहेरच्यांकडून, म्हणजे पालक-विद्यार्थ्यांसारख्या कर्मचारी नसलेल्यांकडून, कामावर होणारी हिंसाही धरली आहे. म्हणून वर्गात परतण्याआधी शाळा काय बंदोबस्त करणार, हे अर्जातच विचार.